शून्याचा शनिवार

अल्बी ट्रेगिअरच्या शेडची जमीन वाकडी होती आणि चाळीस शहाणीसुरती माणसं तेहतीस वर्षं त्या वाकडेपणाला शून्य म्हणत होती, हे अखेर सर्वांसमक्ष सिद्ध झालं.

वरचं वाक्य वोम्बी क्रीक डोंगरवाट मोटार क्लबच्या इतिवृत्तातून सर्वानुमते वगळण्यात आलेलं आहे. तेव्हा आपणही ते वाचलेलं नाही. जमीन सपाट होती.

तर, जमीन सपाट होती आणि दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिच्यावर गाड्यांची रांग लागायची. इकडे, दक्षिण गोलार्धात, हिवाळाभर कुलपात असलेली डोंगरवाटांची फाटकं त्याच सुमारास उघडतात. फाटक उघडलं म्हणून कुणी थेट वर जात नसे. आधी अल्बीच्या शेडमध्ये यायचं. तिथल्या काँक्रीटवर पांढऱ्या रंगाच्या चार फुल्या होत्या, चार चाकांसाठी. एकेका गाडीने आत यायचं, चाकं फुल्यांवर टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि गाडी किती कलली हे सांगणारा जो काही काटा ज्याच्याकडे असेल तो शून्यावर आणायचा. मग खिडकीतून डोकं काढून मोठ्याने म्हणायचं, "शून्य."

दाराशी खुर्ची टाकून अल्बीची बायको डल्सी बसलेली असे. ती वहीत नावापुढे खूण करायची आणि झुकिनी घालून भाजलेल्या अंड्याच्या वडीचा तुकडा कागदात बांधून हातात ठेवायची. खूण नाही तर वडी नाही. वडीखातर काही लोक गाडी नसतानाही रांगेत उभे राहिल्याची नोंद आहे.

याला शून्याचा शनिवार म्हणत.

काटे नाना तऱ्हेचे होते. क्लबचा अध्यक्ष बॅझिल हॉस्किंग, निवृत्त पोस्टमास्तर, याच्या गाडीत दुकानातलं गोल कलमापक होतं. त्यात चिमुकल्या मोटारीचं चित्र होतं आणि खरी मोटार कलली की चित्रही कलायचं. रेनाटो बोर्तोलिनचे चेस्टनटचे मळे होते. त्याने ऑलिव्ह तेलाची अर्धी बाटली आडवी बांधून तिच्यावर रेघा मारल्या होत्या. ताफा लांबला की त्याचं मापक जेवणात वापरलं जाई आणि परतीच्या वाटेवर रेनाटो अंदाजाने चालवी.

अल्बीचं मापक म्हणजे तंबाखूच्या डब्याचं झाकण, त्यावर खिळ्याने कोरलेले अंश आणि मधोमध दोऱ्याला टांगलेलं मासेमारीचं शिसं. झाकण एका स्क्रूवर फिरायचं, शिसं आपलं सरळ खाली बघत लटकायचं.

"पोटाला विचारू नकोस," अल्बी नव्या माणसाला सांगायचा. "पोटाला वीस अंश चाळीस वाटतात. आणि चालत्या गाडीत वाचू नकोस, धक्क्याने काटा नाचतो. थांब, श्वास घे, मग वाच. चढावर गाडी रडते, उतारावर ओरडते. आडव्या कलावर मात्र ती काही बोलत नाही, सरळ झोपते. म्हणून शिशाला विचारायचं. शिसं खोटं बोलत नाही."

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. शिसं कधीच खोटं बोललं नाही. पण जमीन सपाट होती, तेव्हा तो विषय नको.

नेरिडा ही अल्बीची नात. वय चौतीस, म्हणजे क्लबपेक्षा एका वर्षाने थोरली. धंदा फरशा बसवण्याचा. न्हाणीघरात पाणी कुठे जाईल, हे तिला पाणी सांडण्यापूर्वी दिसतं. आजोबांना ती पॉप म्हणे, आजीला नॅन. लहानपणचा प्रत्येक शून्याचा शनिवार तिने पॉपच्या जुन्या पिकअपमध्ये दोघांच्या मधे बसून काढला होता. उजवीकडे पॉप चाक धरून, डावीकडे नॅन थर्मास धरून आणि समोर ते शिसं. नॅनच्या ॲप्रनला लिंबाचा वास, पॉपच्या बाहीला डिझेलचा. दोन्ही वास एकत्र आले की नेरिडाला आजही गाडी कललीय असं वाटतं.

चालवणाऱ्याने वाटेकडे बघायचं आणि शेजारच्याने काटा वाचायचा, हा क्लबचा नियम. नॅन बुधवारी गावच्या हॉलमध्ये हाउजीचे आकडे पुकारायची. डोंगरावरही ती त्याच आवाजात पुकारे.

"एकोणीस. बावीस. चोवीस, अल्बी. सव्वीस, अल्बी."

चोविसापासून ती नाव जोडायची. आणि बिशपचा खांदा नावाची जी आडव्या कलाची जागा आहे, तिच्या मधोमध गाडी थांबली की ती पूर्ण नाव घ्यायची.

"तीस, अल्बर्ट. एकतीस, अल्बर्ट."

साऱ्या जगात पॉपला अल्बर्ट म्हणणारी एकच व्यक्ती होती आणि तिलाही त्यासाठी तीस अंश लागत. पॉप तेव्हा समोर बघून थोडासा हसायचा. नेरिडाला त्याचे कान वर गेलेले दिसत.

बिशपच्या खांद्याची एक गंमत होती. जाताना तो एकतीस अंश भरायचा आणि येताना तेवीस. तीच जागा, तोच दिवस, तीच गाडी. क्लबमध्ये याची चर्चा झाली नाही असं नाही. बॅझिलच्या मते याला उन्हाने तापलेली हवा कारणीभूत होती. रेनाटोचं म्हणणं साधं होतं.

"सकाळी डोंगर उभा असतो," तो सांगायचा. "दुपारी जेवून बसतो. मीही बसतो. यात न कळण्यासारखं काय आहे?"

हा सिद्धांत बारा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला होता.

डोंगर बसलेला असूनही येताना एक रिवाज पाळला जाई. खांदा आला की नॅन म्हणायची, "उतरा सगळे. जेवलायत खूप. चाला." टपावरचं सामान काढायचं, चालवणारा सोडून बाकी सर्वांनी उतरून वरच्या अंगाने चालायचं. याचं नाव पचनाची चाल. नॅन स्वतः टपाला बांधलेल्या दोरीचं टोक धरून चालायची. म्हातारीला घसरायची भीती वाटते, असं लोक म्हणत. ती पन्नाशीची होती तेव्हाही तिला म्हातारीच म्हणत.

वर, वाटेच्या शेवटी, कर्नीचं पत्र्याचं खोपटं आहे. त्याच्या आतल्या फळीवर पॉप दर वर्षी सुताराच्या पेन्सिलीने एक ओळ लिहायचा. साल, जाताना किती, येताना किती धरायचं, काय खाल्लं. "३१ / २३. अंडं-झुकिनी. लिंबू घातलेला चहा." अशा तेहतीस ओळी. सारख्याच. एका वर्षी नुसतं "मोहरी विसरलो" असंही आहे.

पॉप गेल्या जुलैत गेला. झोपेत, उजव्या कुशीवर.

आणि ऑगस्टमध्ये उद्यान खात्याचं पत्र आलं. तीस अंशांहून जास्त आडवा कल असलेल्या सर्व वाटा वाहनांसाठी कायमच्या बंद. यादीत बिशपचा खांदा पहिला.

"त्यांना कसं कळलं?" नेरिडाने सभेत विचारलं.

बॅझिलने घसा साफ केला. त्याच्या कोटाच्या कॉलरवर "तिशीपार" असं लिहिलेला पितळी बिल्ला होता. तीस अंश ओलांडणाऱ्या प्रत्येकाला क्लब तो देई. बॅझिलने तो मुलीच्या लग्नातही लावला होता. "त्यांनी वाटांची माहिती मागवली होती. मी आपल्या नोंदवहीच्या प्रती पाठवल्या. तेहतीस वर्षांच्या. रजिस्टर पोस्टाने. अभिमानाने."

"बॅझिल," रेनाटो म्हणाला, "चोराने पत्ता विचारला आणि तू किल्लीसकट पाठवलास."

"नोंदी नीट ठेवल्या होत्या, हे त्यांनी पत्रात म्हटलंय."

"कुठे?"

"म्हटलेलं नाही. पण जाणवतं."

खोपटं फाटकापासून चौदा किलोमीटर आत आहे. नॅन त्र्याऐंशीची. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि दोन्ही तिच्याशी बोलत नाहीत. वाट बंद म्हणजे नॅनसाठी खोपटं बंद. यावर ती फक्त एकदा, भांडी पुसता पुसता, म्हणाली होती, "चौतिसावी ओळ राहिलीय. पेन्सिल टोकदार करून ठेवलीय मी."

नेरिडाला तेवढं पुरलं. तिने खात्याला चार पत्रं लिहिली. चारही पत्रांना तेच उत्तर आलं, की आपल्याच क्लबच्या नोंदीनुसार कल एकतीस अंश आहे. शून्याच्या शनिवारी रेंजर येईल, शेवटचा ताफा जाऊ देईल आणि मग कागदावर सही करून फाटकाला कायमचं कुलूप लावेल.

आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, नेरिडा शेडमधल्या फुल्या नव्याने रंगवत होती. दरवर्षी पॉप रंगवायचा. तिचा पाय लागून पांढऱ्या रंगाचा डबा लवंडला.

रंग थोडा विचारात पडल्यासारखा थांबला आणि मग उजवीकडे चालू लागला. घाई नाही, शंका नाही. दुसरी फुली ओलांडून, भिंतीखालच्या फटीतून तो बाहेर गेला. बाहेर त्या बाजूला नॅनचं लिंबाचं झाड आहे.

नेरिडा हातात ब्रश धरून बघत राहिली. तिला गोट्या आठवल्या. लहानपणी या शेडमध्ये कुठेही गोटी सोडली तरी ती लिंबाकडे जायची. गोट्यांना लिंबं आवडतात, असं तिने पाचव्या वर्षी ठरवलं होतं आणि नंतर कधी तपासून पाहिलं नव्हतं. एवढं शिकून, एवढी न्हाणीघरं करून, या एका जमिनीकडे तिने फरशीवालीच्या डोळ्याने कधी पाहिलंच नव्हतं. ती पॉपची जमीन होती. आजोबाच्या जमिनीला कुणी पाणसळ लावतं का?

तिने गाडीतून पाणसळ आणली आणि लावली. बुडबुडा टुणकन डावीकडे गेला आणि कोपऱ्यात तोंड लपवून बसला.

मीटरला सात सेंटिमीटर. म्हणजे चार अंश. फरशीवाल्यांच्या भाषेत याला जमीन म्हणत नाहीत.

ती पायरीवर बसली आणि बोटांवर हिशेब केला. जाताना गाडी डावीकडे कलते, येताना उजवीकडे. शून्यच चार अंश उजवीकडे धरलेलं, म्हणून ते जाताना चार वाढवतं, येताना चार खातं. एकतीस वजा चार, सत्तावीस. तेवीस अधिक चार, सत्तावीस. डोंगर कधी बसलाच नव्हता.

वाट वाचली होती. सत्तावीस म्हणजे तिशीच्या आत. एवढं सांगितलं की काम झालं.

आणि मग तिला दुसरं दिसलं. सत्तावीस म्हणजे तिशीपार कुणीच नाही. बॅझिल नाही, रेनाटो नाही, हॉलच्या फळ्यावर सोनेरी अक्षरात लिहिलेली चाळीस नावं नाहीत. आणि त्या फळ्यावरचं पहिलं नाव, अल्बर्ट ट्रेगिअर, ३१ अंश, तेही नाही. शून्याचा शनिवार काढणारा, शिसं खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस आयुष्यभर खोट्या शून्यावरून निघत होता. तो गेल्यावर चार महिन्यांत हे उघड करायचं आणि तेही त्याच्या नातीने.

स्वयंपाकघरात नॅन वडीसाठी झुकिनी किसत होती.

"फुल्या झाल्या?" तिने विचारलं.

"झाल्या. थोडा रंग सांडला."

"कुठे गेला?"

विचित्र प्रश्न होता. सांडलेला रंग कुठे जातो? "लिंबाकडे," नेरिडा म्हणाली.

नॅन किसत राहिली. "लिंबाला चुना चालतो. रंग चालतो की नाही माहीत नाही." मग जरा वेळाने, "उद्या पहिली गाडी तुझी. अल्बीची गाडी नेहमी पहिली लागते. शून्य तूच म्हणायचं."

"नॅन, एखाद्याला एखादी गोष्ट माहीत असली आणि सांगितली की कुणाचं तरी नाव जातं..."

"कांदा चिरून दे आधी," नॅन म्हणाली. "नावं कुठे जात नाहीत. कांदा मात्र चिरावा लागतो."

नेरिडाने कांदा चिरला. मग ती शेडमध्ये परत गेली. पिकअप फुल्यांवर आणली, उजव्या चाकांखाली फरशांची चळत सारत गेली आणि सीटवर ठेवलेल्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला तेव्हा थांबली. शिसं चारच्या रेघेवर लटकत होतं. तिने झाकणाचा स्क्रू सैल केला. पॉपच्या हाताचा स्क्रू होता, सहज सुटला नाही. झाकण चार अंश फिरवलं, स्क्रू आवळला आणि फरशा काढून घेतल्या. उद्या काय म्हणायचं, हे तिने तेव्हाही ठरवलं नव्हतं. पण शिशाला काय म्हणायचंय ते तिने त्याला म्हणू दिलं.

शनिवारी साडेआठपासून गाड्या लागल्या. रेंजरचं नाव इमोजेन. पंचविशीची पोरगी, खांद्यावर कागदांची पिशवी.

"तुम्ही लोक मोजून का बघत नाही?" नेरिडाने तिला विचारलं.

"आमचं मोजयंत्र दुसऱ्या जिल्ह्याने नेलंय. फेब्रुवारीत येईल." इमोजेनला स्वतःलाच हे आवडलेलं दिसत नव्हतं. "पण तुमच्या नोंदी इतक्या सविस्तर आहेत की गरज नाही, असं साहेब म्हणाले."

"बघा," बॅझिल सगळ्यांना म्हणाला. "जाणवतं म्हटलं नव्हतं?"

नेरिडा पिकअपमध्ये बसली, फुल्यांवर आली, इंजिन बंद केलं. बाहेर चाळीस माणसं वडीच्या वासात उभी होती. दाराशी नॅन, मांडीवर वही. शेजारची सीट रिकामी होती. उजव्या बाहीला डिझेलचा वास होता, कारण ती पॉपचाच कोट घालून आली होती.

तिने शिशाकडे पाहिलं. मग खिडकीतून डोकं काढलं.

"चार," ती म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. तेहतीस वर्षांत त्या खिडकीतून दुसरा आकडा आलेला नव्हता.

"शून्य म्हणायचं असतं," बॅझिलने आठवण करून दिली.

"माहीत आहे. पण चार आहे."

"मग शून्यावर आण."

"जमीन आणायला हवी, बॅझिल. ही जमीन चार अंश उजवीकडे आहे. काल मी पाणसळ लावली."

"पाणसळ बिघडली असेल."

"पाणसळीत पाणी आणि बुडबुडा असतो. बिघडायला काही ठेवलेलंच नसतं तिच्यात."

रेनाटोने आपली तेलाची बाटली गाडीतून सोडवून आणली, जमिनीवर आडवी ठेवली आणि हात काढला. बाटली गडगडत उजव्या भिंतीला जाऊन टेकली. रेनाटो तिच्यामागे गेला नाही. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "म्हणजे तो दुपारी बसत नाही?"

"नाही. दोन्ही वेळेला सत्तावीस."

तेव्हा दाराशी पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आलं शेवटी कुणाच्या तरी लक्षात," नॅन म्हणाली.

नेरिडा गाडीतून उतरली. "तुला माहीत होतं?"

"उतार माझ्यासाठीच दिलाय. दुष्काळाच्या साली ही जमीन ओतली. पाण्यावर बंदी होती, झाड वाळायला लागलं होतं. अल्बी म्हणाला, शेड धुतली की पाणी तुझ्या लिंबाला जाईल असं करतो. केलं. आठ-नऊ वर्षांनी क्लब काढला, तेव्हा विसरून गेला. कुणासाठी काही केलं की अल्बी विसरायचा. चांगली खोड होती ती."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घण घेऊन सपाट केली असती. मग झाड?" नॅनने ॲप्रन झटकला. "शिवाय मी एकतीस म्हटलं की त्याचे कान कसे व्हायचे, ते तू पाहिलंयस."

बॅझिलने बिल्ल्यावर हात ठेवला होता, काढायचा की झाकायचा हे ठरत नसल्यासारखा. "पण डल्सी, हे धोक्याचं होतं. येताना आम्ही तेवीस समजून चाललो होतो."

"जाताना एकतीस समजून जपून चालवायचात, येताना तेवीस समजून बेफिकीर, म्हणून तर उतरवत होते तुम्हाला. पचन कसलं डोंबलाचं. तुम्हाला काय वाटलं, तेहतीस वर्षं मला तुमच्या पोटांची काळजी होती?"

पचनाच्या चालीने आपलं पित्त गेलं, असं गावभर सांगत फिरणारे दोन सभासद जमिनीकडे पाहू लागले. वाकड्या.

"मग दोरी?" नेरिडाने विचारलं. "ती दोरी धरून तू का चालायचीस?"

"सगळ्यांना उतरवता यायचं. चालवणाऱ्याला कसं उतरवणार?"

"नॅन, तू दोरी धरून अडीच टनाची गाडी थांबवणार होतीस?"

"सगळी नाही," नॅन म्हणाली. "वरच्या चार अंशांपुरती."

रेनाटो बाटली आणायला गेला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बाटली पुसत बसला.

इमोजेनने कागद पिशवीत परत ठेवले. "मला स्वतः बघावं लागेल," ती म्हणाली. "जागेवर, थांबून, दोन्ही दिशांनी."

सगळे निघाले. पिकअपमध्ये मधे, नेरिडाच्या जुन्या जागी, इमोजेन बसली आणि डावीकडे नॅन थर्मास घेऊन. स्नो गमच्या झाडांतून वाट वर चढत गेली, ओढा उजवीकडून डावीकडे आला आणि मग झाडं संपून बिशपचा खांदा आला. खाली डावीकडे नुसती दरी. नेरिडाच्या पोटाने चाळीस सांगितले. तिने पोटाला विचारलं नव्हतं. तिने मध्यावर गाडी थांबवली आणि वाटेवरची नजर काढली नाही.

"बावीस," नॅनने वाटेत पुकारलं होतंच. "चोवीस, अल्बी. सव्वीस, अल्बी."

मग शिसं स्थिर होईपर्यंत ती थांबली.

"सत्तावीस, अल्बी."

तिने काय म्हटलं ते तिला कळलं की नाही, सांगता येत नाही. इमोजेनने वाकून आकडा पाहिला, लिहून घेतला आणि दरीकडे न बघण्यात गर्क झाली.

"सत्तावीसच," नॅन पुन्हा म्हणाली, आता स्वतःशी. "म्हणजे मी उगाचच त्याला अल्बर्ट म्हणत आले."

"त्याला आवडायचं, नॅन."

"माहीत आहे गं. गाडी चालव."

खोपट्यात चहा झाला, लिंबू घालून. नॅनने टोकदार पेन्सिल काढली आणि तेहतीस ओळींखाली चौतिसावी लिहिली. ओळ सरळ आली. "२७ / २७. अंडं-झुकिनी. लिंबू. अल्बी आला नाही." मग जरा विचार करून मोहरी आणल्याचीही नोंद केली.

येताना खांदा आला तेव्हा कुणी काही न सांगता सगळ्यांनी टपावरचं सामान काढलं आणि उतरून चालायला लागले. पचन तर पचन. नॅन मात्र उतरली नाही.

"मी बसते," ती म्हणाली. "आकडा कोण वाचणार?"

टपाच्या दोरीचं टोक बॅझिलने उचललं. निवृत्त पोस्टमास्तर, कॉलरवर बिल्ला, दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरून वरच्या अंगाने चालला. त्याच्यामागे रेनाटोनेही धरली. मग आणखी चार-पाच जणांनी. अडीच टनाची गाडी, तिला काहीच झालेलं नव्हतं आणि तिला सात माणसं ओढून धरत होती.

"सत्तावीस," नॅनने पुकारलं.

इमोजेनने सही केली ती वेगळ्या कागदावर. वाट उघडी राहिली. खाली आल्यावर शेडमध्ये तातडीची सभा झाली. बिल्ले परत करायचे का, फळा पुसायचा का, जमीन फोडायची का, असे तीन ठराव आले. तिसऱ्या ठरावावर नॅनने किसणी हातात घेतल्यामुळे तो मागे घेतला गेला. शेवटी जे घडलं ते इतिवृत्तातून वगळण्याचं ठरलं, जे आपण सुरुवातीलाच न वाचून पार पाडलं आहे. आणि बॅझिलने तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, खात्याला पत्र लिहिलं. वही घसरत होती म्हणून नेरिडाने तिच्याखाली एक फरशी धरली.

"प्रति, उद्यान खाते. विषय: बिशपचा खांदा, आडवा कल. महोदय, आपण नोंदवलेल्या सत्तावीस अंशांबाबत क्लबची तक्रार नाही व वाट खुली ठेवल्याबद्दल क्लब आभारी आहे. तथापि, सदर डोंगर गेली तेहतीस वर्षे सकाळी एकतीस व दुपारी तेवीस अंशांचा असल्याचे चाळीस जबाबदार नागरिकांनी प्रत्यक्ष अनुभवले असून, श्री. बोर्तोलिन यांची त्यास आजही तोंडी दुजोरा देण्याची तयारी आहे. सबब विनंती की, राज्यातील शून्य चार अंश उजवीकडे, म्हणजे श्रीमती ट्रेगिअर यांच्या लिंबाच्या झाडाच्या दिशेने सरकवण्यात यावे. डोंगरास पूर्वीप्रमाणे दुपारी बसण्याची मुभा द्यावी. आणि या सर्व बाबींची जागेवर खातरजमा करण्यासाठी दिवंगत श्री. अल्बर्ट ट्रेगिअर यांना पुढील नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी एका दिवसापुरते हजर राहण्याची परवानगी मंजूर करण्यात यावी. ते साडेआठला येतात. त्यांची गाडी पहिली लागते."